पाचवीतल्या मुलाला सातवीचं गणित: शाळेकडे नेमकं काय मागायचं

ऐरोलीच्या ताई, तुमच्या लेकाने सातवीचं गणित घरीच संपवलंय, वर्गात तो वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढत बसतो आणि फक्त गणिताच्या तासाला त्याला सातवीत बसू द्या म्हटलं, तर शाळा म्हणते, "असं आमच्याकडे होत नाही." चार वर्षांपूर्वी नेरुळला माझ्या पाचवीतल्या मुलीचं हेच चाललं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा मी स्पर्धांच्या प्रमाणपत्रांची फाईल घेऊन गेले. मुख्याध्यापिकांनी ती उघडलीसुद्धा नाही. "सगळ्याच आयांना वाटतं हो!" चूक माझीच. मुलगी हुशार आहे हे पटवून झालं, तरी शाळेने पुढे करायचं काय?

दुसऱ्यांदा आधी गणिताच्या बाईंना भेटले. सातवीची जुनी वार्षिक प्रश्नपत्रिका तुमच्यासमोरच सोडवून घ्या, म्हटलं. बहुतेक सगळं आलं, पण भौमितिक रचनांत पार आपटली. कंपास धरायचीच सवय नव्हती! आणि स्टेट बोर्डाच्या सातवीच्या पुस्तकात पहिलाच धडा तो. घरी पुस्तक 'संपतं' तेव्हा अशा जागा सुटतात. तुमच्या मुलालाही कोन दुभागायला लावून बघा.

खरी अडचण वेळापत्रकाची. पाचवी-सातवीचे गणिताचे तास जुळेनात. आठवड्याला कसेबसे तीन निघाले, त्यातला एक पीटीचा. पीटी बुडाली म्हणून ती इतकी रडली की शेवटी दोनच तासांवर भागवलं. डबा मात्र पाचवीतच खायचा, हे तिचं तिनेच ठरवलं होतं.

परीक्षा पाचवीचीच देऊ द्या. गुणपत्रक, सरकारी नोंद, सगळं इयत्तेवर चालतं. ते जिथल्या तिथे राहणार म्हटल्यावर शाळेचा निम्मा विरोध मावळतो. अर्जात 'एक सहामाही करून बघू, नाही जमलं तर पूर्ववत' एवढं लिहाच. आमचं काम त्या ओळीवर झालं.

नियमांचा धाक मात्र नको. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हुशार मुलांना पूरक साहित्य द्यावं, विषयवार मंडळं काढावीत असं आहे. वरच्या वर्गात बसायचा हक्क त्यात नाही. भांडून मिळालेल्या तासाला बाई मुलाकडे कशा बघतील, तेही मनात धरा.

आणखी एक. दहावीपर्यंतच्या शाळेत दोन इयत्ता पुढे गेलेलं मूल नववीत बसणार कुठे? म्हणून पुढच्या वर्षी आम्ही पुढे पळणं थांबवलं. सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिक ही विज्ञानाची स्पर्धा परीक्षा दिली, लेखीतच उडाली. आठवीपासून गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी, आयओक्यूएम, देता येते. त्या पेपरने तिला पहिल्यांदा घाम फोडला. घरी येऊन एकाच प्रश्नाशी तीन दिवस झटत होती, आणि कंटाळा हा शब्द नाही.

बाईंना भेटायचं तर एप्रिलमध्येच भेटा. जूनमध्ये वेळापत्रक एकदा भिंतीवर लागलं की कुणी हात लावत नाही.