वाचकांचे प्रश्न : तपासणी दोघांची व्हायला हवी

मूल होत नसल्याविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझे वय ३३ असून लग्नाला पाच वर्षे झाली. तीन वर्षांपासून आम्ही मुलाची वाट पाहत आहोत. पाळी वेळेवर येते. सोनोग्राफी, थायरॉईड, एएमएच (बीजांच्या साठ्याची रक्ततपासणी) या तपासण्या झाल्या, नळ्या मोकळ्या आहेत का हे पाहण्यासाठी एक्स-रेही काढला आणि दरवेळी सगळे ठीक असल्याचे सांगण्यात आले. तरी बीज वाढवण्याच्या गोळ्या अनेकदा दिल्या आणि आता दुर्बिणीतून पोटाची तपासणी करायला सांगितले आहे. मिस्टरांची तपासणी झालेली नाही. ‘मला काही प्रॉब्लेम नाही’ असे ते म्हणतात आणि सासूबाईंनाही तो विषय काढलेला आवडत नाही. त्यांच्या ओळखीच्या एका बाईंनी पुड्या दिल्या आहेत. त्या पाळीनंतर दुधातून घेतल्या की मुलगाच होतो, असे त्या सांगतात. मी काय करावे?

उत्तर : ताई, आपल्या तपासण्यांच्या यादीत जी सर्वांत आधी व्हायला हवी होती तीच राहून गेली आहे, आणि यजमानांची वीर्यतपासणी झाल्याशिवाय आपण दुर्बिणीसाठी भूल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडचे कारण सापडते, कधी एकटे, तर कधी स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने. असे असताना तीन वर्षे एकटीच्याच शरीराची तपासणी होत राहावी, हा आपल्यावर झालेला अन्याय आहे, आणि यात वैद्यकीय चूकही आहे, कारण चुकीच्या दिशेने गेलेला वेळ वयाच्या तिशीनंतर महाग पडतो.

‘मला काही प्रॉब्लेम नाही’ या उत्तरामागे बहुतेक वेळा भीती असते. संबंध व्यवस्थित येत असतील तर शुक्राणूही असणारच, अशी पुरुषांची समजूत असते. वास्तविक वीर्याचा बहुतांश भाग निरनिराळ्या ग्रंथींमधून आलेल्या द्रवाचा असतो आणि शुक्राणूंचा वाटा अगदी अल्प असतो, त्यामुळे ज्याच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही अशा पुरुषालाही रंगात, प्रमाणात किंवा सुखात काही फरक जाणवत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

या तपासणीला सुई लागत नाही, भूल लागत नाही आणि तिचा खर्च सहसा आपल्या एका सोनोग्राफीहून अधिक नसतो. अडचण असते ती संकोचाची. काउंटरवर सगळ्यांसमोर नाव पुकारले जाते, हातात प्लास्टिकची डबी देतात आणि कोपऱ्यातल्या एका लहानशा खोलीकडे, कधी कधी तर शौचालयाकडेच, बोट दाखवतात. बाहेर माणसे बसलेली असताना आत अनेकांना नमुना देताच येत नाही, आणि मग ते पुन्हा त्या लॅबची पायरी चढत नाहीत. म्हणून लॅब जवळ असेल तर नमुना घरी घेऊन जाण्याची परवानगी आधी विचारून घ्यावी. डबी लॅबकडूनच आणावी, तेल, साबण किंवा नेहमीचा निरोध वापरू नये, नमुना पूर्ण असावा, आणि डबी शरीराच्या उबेला राहील अशी शर्टाच्या आतल्या बाजूला ठेवून तासाभराच्या आत पोहोचवावी. त्याआधी दोन ते सात दिवस वीर्यपतन झालेले नसावे, आणि नमुन्याचा थोडा भाग सांडला असल्यास तसे लॅबला सांगावे.

अहवालातला एखादा आकडा कमी दिसला म्हणून धीर सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरली जाते. परंतु ती, ज्यांच्या पत्नींना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांच्या तपासण्यांवरून ठरवलेली आहे, आणि तिच्या खाली असलेल्यांनाही मुले होतात. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे आज आलेल्या मोठ्या तापाचा परिणाम पुढच्या महिन्यांतल्या नमुन्यात दिसतो. अहवाल बिघडलेला असेल तर सुमारे तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. वयात आल्यानंतर झालेले गालगुंड, अंडकोषाची किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया, तंबाखू, गुटखा आणि दारू यांविषयी यजमानांनी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. त्यातही शरीर कमावण्यासाठी जिममध्ये घेतलेल्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या इंजेक्शनांविषयी तर आवर्जून सांगावे, कारण ही इंजेक्शने बाहेरून पुरुषी बांधा देतात आणि आत शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ बंद पाडतात. तरुण मुलांच्या अहवालांत हे कारण वारंवार दिसू लागले आहे आणि घरात त्याची कोणाला कल्पनाही नसते. शुक्राणू अजिबात आढळले नाहीत तरीही मार्ग अडला आहे की निर्मितीच होत नाही, हे पाहावे लागते. काही पुरुषांच्या बाबतीत थेट अंडकोषातून शुक्राणू काढून इक्सी पद्धतीने, म्हणजे एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडून, गर्भ तयार करता येतो.

आपल्या गोळ्यांविषयी सांगायचे तर, ज्या स्त्रीची पाळी नियमित आहे आणि बीज आपोआप फुटते तिला नुसत्या या गोळ्या देत राहण्याने फारसा लाभ होत नाही. त्या कशासाठी देत आहात, असे डॉक्टरांना अवश्य विचारा. एएमएचवरून बीजकोषात बीजांचा साठा साधारण किती आहे एवढेच कळते. आपोआप दिवस जातील की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही. दर दोन-तीन दिवसांनी संबंध आले तर बीज फुटण्याचा काळ आपसूक साधला जातो, त्यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून दोघांनी ताण वाढवून घेण्याची गरज नाही. फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मात्र रोज सुरू ठेवा.

पुड्या घेऊ नका. मूल मुलगा होणार की मुलगी, हे बीज फलित होते त्याच क्षणी शुक्राणूवरून ठरते, आणि पोटात घेतलेल्या कोणत्याही पुडीने ते ठरत नाही की बदलत नाही. पुडीवर काही लिहिलेले नसते, आत काय आहे हे देणाऱ्या बाईंनाही बहुधा ठाऊक नसते, आणि नकळत दिवस गेलेले असतील तर पहिल्या आठवड्यांतच असे अनोळखी औषध गर्भाला अपाय करू शकते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा केला तो महाराष्ट्राने, आणि त्याच राज्यात मुलगा होण्याच्या पुड्या अजून घरोघर पोहोचतात, याचे मला फार दुःख होते.

यजमानांशी बोलताना दोष कोणाचा, हा विषय काढू नका. पुढच्या भेटीला दोघांनी मिळून जा आणि वीर्यतपासणीविषयी डॉक्टरांनाच त्यांच्याशी बोलू द्या.

प्रश्न : माझ्या पत्नीचे वय ३९ आहे. दोन वेळा आयव्हीएफ (शरीराबाहेर बीज फलित करून गर्भ गर्भाशयात सोडण्याचा उपचार) केले. दोन्ही वेळा गर्भ सोडल्यानंतर केलेली रक्ततपासणी निगेटिव्ह आली. दुसऱ्या वेळी ती तिसऱ्याच दिवशी एसटीने कामावर गेली होती, त्या धक्क्यांमुळेच सगळे गेले असे ती धरून बसली आहे आणि रात्र-रात्र झोपत नाही. पहिल्या खेपेचे कर्ज अजून फिटलेले नाही. तिसऱ्यांदा करावे का?

उत्तर : सर्वांत आधी पत्नीला हे उत्तर वाचून दाखवा : एसटीच्या प्रवासाने गर्भ पडलेला नाही. गर्भाशयाच्या दोन्ही भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये सोडलेला गर्भ धक्क्याने निसटत नाही; गर्भ सोडल्यानंतर अंथरुणात पडून राहिल्याने यश वाढते, असेही दिसून आलेले नाही. या वयात गर्भ न रुजण्याचे सर्वांत मोठे कारण त्याच्या गुणसूत्रांतील बिघाड हे असते, आणि स्त्रीबीजाच्या वयाबरोबर त्याचे प्रमाण वाढत जाते. त्या काळात दिलेल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे छाती जड होते, पोट फुगते, पाळीही लांबते, म्हणजे दिवस गेल्यासारखीच सगळी लक्षणे दिसतात. त्यांच्या भरवशावर आशा बांधल्यानंतर रक्ताचा अहवाल हाती येतो, म्हणून हे दुःख बाहेरच्यांना वाटते त्याहून कितीतरी जड असते. झोप परत येत नसेल तर समुपदेशकाची भेट घ्या आणि आपणही सोबत जा.

तिसऱ्या खेपेविषयी ठरवण्यापूर्वी रुग्णालयाकडून दोन्ही वेळची कागदपत्रे मागून घ्या. किती बीजे मिळाली, किती फलित झाली, पाचव्या दिवसापर्यंत किती गर्भ वाढले आणि गोठवलेले काही शिल्लक आहेत का, हे त्यांत असते. गोठवलेले गर्भ असतील तर बीज काढण्याची इंजेक्शने पुन्हा घ्यावी लागत नाहीत, खर्च बराच कमी येतो, आणि ते गर्भ पत्नीच्या त्या वेळच्या वयाचेच राहतात. दोन्ही वेळा बीजे थोडी आणि गर्भ कमकुवत असतील तर तेच उपचार तसेच पुन्हा करण्याचा आग्रह मी धरणार नाही; दात्या स्त्रीच्या बीजाचा विचार करायचा की नाही, हे दोघांनी मनाशी ठरवावे. साहाय्यभूत प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्यानुसार यशाची शक्यता, खर्च आणि धोके जोडप्याला समजावून सांगणे केंद्रावर बंधनकारक आहे, तसेच हे उपचार स्त्रीला वयाच्या पन्नाशीपर्यंत आणि पुरुषाला पंचावन्नपर्यंतच मिळू शकतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली, त्यानंतर हे शास्त्र पुष्कळ पुढे गेले. तरीही ३९ व्या वर्षी स्वतःच्या बीजापासून झालेल्या गर्भाची एक खेप बहुतेकींच्या बाबतीत मुलापर्यंत पोहोचत नाही, हे आधीच माहीत असलेले बरे.

नवे कर्ज काढून तिसरी खेप करू नका, असे मी सांगेन. किती पैसे आणि किती खेपा, याची मर्यादा उपचार सुरू होण्यापूर्वीच दोघांनी कागदावर लिहून ठेवावी, कारण निगेटिव्ह अहवाल हातात असताना ती ठरवणे कोणालाही जमत नाही. दत्तकाचा विचार मनात असेल तर त्यालाही वयाची अट आहे : दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा जास्त चालत नाही, आणि नोंदणीनंतरही काही वर्षे थांबावे लागते.

प्रश्न : माझ्या थोरल्या सुनेला लग्नाला आठ वर्षे होऊनही मूल नाही. धाकटीला सातवा महिना लागला असून डोहाळजेवण घरीच आहे. थोरलीला ओटी भरायला बसवावे का? चार बायका बोलतील याची भीती वाटते.

उत्तर : आपण हे विचारलेत याचेच मला समाधान वाटले. तिला काही दिवस आधी एकटीला गाठून विचारा आणि ती जे सांगेल ते मान्य करा. तिला ओटी भरायची असेल तर आपल्यानंतर पहिली ओटी तिलाच भरू द्या, म्हणजे घरातल्या मोठ्या बाईने काय ठरवले आहे ते आलेल्यांना आपोआप कळेल. तिला नको असेल तर तिने कामावर किंवा माहेरी जावे आणि पाहुण्यांना उत्तर आपण द्यावे, तिच्याकडून खोटे कारण वदवून घेऊ नये. बैठकीत बसवायला नको म्हणून तिला दिवसभर तळणाच्या कढईसमोर उभे करण्याची जी रीत अनेक घरांत आहे, ती मात्र आपल्या घरी होऊ देऊ नका. ‘आता तुझा नंबर’ असे कोणी म्हणालेच तर तिथल्या तिथे आपणच थांबवा. धाकटीलाही हे सगळे आधी सांगून ठेवा, कारण जावेकडे कसे पाहावे याचा अवघडलेपणा तिलाही असणार.