स्कॉटलंडमधल्या साध्या माणसांचं जुनं जगणं फोटोंतून पाहायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

न्यूहेवनपासून करा. एडिंबराला लागून असलेलं हे कोळ्यांचं गाव. चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि छायाचित्रकार रॉबर्ट ॲडमसन यांनी 1843 पासून पुढच्या चारेक वर्षांत इथले फोटो काढले. फोटोग्राफीच तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती! त्यातही या दोघांनी मासे विकणाऱ्या बायका आणि नाखवे यांच्यावर इतका जीव लावला, हे मला फार मोठं वाटतं.

मासेवाल्या बायकांचे फोटो नीट, वेळ काढून बघा. पट्ट्यापट्ट्यांचे जाड घागरे, शेजारी विणलेल्या मोठ्या टोपल्या. अशी भरलेली टोपली पाठीवर घेऊन, तिचा पट्टा कपाळावर ताणून त्या एडिंबरात दारोदार मासे विकायच्या. एका फोटोत एक पोरगा मोठ्या माणसाची ढगळ विजार घालून उभा आहे. नाव आहे ‘बापाची विजार’. मी त्या फोटोपाशी दर वेळी थांबतो.

ही कॅलोटाइप पद्धत, म्हणजे निगेटिव्ह कागदाची. त्यामुळे कडा किंचित मऊ दिसतात. भरपूर ऊन लागायचं आणि बराच वेळ हलायचं नाही, म्हणून माणसं भिंतीला किंवा एकमेकींना टेकलेली दिसतात.

ॲडमसन 1848 मध्ये गेला, जेमतेम 26 वर्षांचा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलादालनांच्या संकेतस्थळावर यातले पुष्कळ फोटो फुकट बघता येतात. ते झाले की थॉमस ॲननने टिपलेले ग्लासगोचे अंधारे बोळ बघा.