कॅलिफोर्नियात पहिली रायफल घेण्याआधी

नेमबाजीकडे वळताय, छान वाटलं. पण आधी व्हिसा बघा. एच-वन-बीवर असाल, तर शिकारीच्या वैध परवान्यासारखा अपवाद लागू झाल्याशिवाय फेडरल कायद्याने बंदूक जवळ ठेवताच येत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही.

मग राज्याचा कायदा. सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात होऊन उडणाऱ्या) सेमी-ऑटोमॅटिक (दर चाप ओढण्याला एक गोळी सोडून पुढची आपोआप भरणाऱ्या) रायफलचं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढता येत असेल आणि तिला पिस्तुल ग्रिप (पिस्तुलासारखी मूठ), पुढची ग्रिप, अंगठ्याच्या भोकाचा, घडीचा किंवा मागेपुढे सरकणारा दस्ता (खांद्याला टेकवायचा भाग), फ्लॅश सप्रेसर (नळीच्या तोंडाशी दिसणारी ज्वाला कमी करणारा भाग) यांपैकी एक जरी भाग असेल, तरी ती ‘असॉल्ट वेपन’ ठरते. एकच पुरतो, हे डोक्यात पक्कं ठेवा.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या:

- सुटे भाग ऑनलाइन मागवून घरी बसवणं. दुकानातून कायदेशीर निघालेली रायफल एका दस्त्यामुळे गुन्हा ठरते.
- नेवाडात चालते म्हणून तिथली रायफल तशीच इकडे आणणं.
- न्यूयॉर्कच्या मित्राचं ऐकणं. २०१३च्या तिथल्या कायद्यात मझल ब्रेकही (गोळी सुटतानाचा धक्का कमी करणारा, नळीच्या तोंडावरचा भाग) येतो, इथल्या यादीत तो नाही.

फिक्स्ड, म्हणजे न काढता येणाऱ्या मॅगझिनची भानगड आत्ता नकोच. साधी बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागणारी) .२२ कॅलिबरची रायफल घ्या; ही यादी तिला लागूच होत नाही, काडतुसंही स्वस्त पडतात आणि नेम लवकर बसतो.