हुशार पोरं आणि बुटाची नाडी

प्रश्न : ताई, आम्ही कोरेगावला असतो, मी घरीच ब्लाउज शिवते. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. माझ्या मशीनशेजारी बसून मार्किंगच्या खडूनं फरशीवर गणितं मांडत बसतो. परवा विचारतो, आई अनंतातून एक काढला तर किती उरतं? मी म्हटलं आधी दूध पी. पण हेच पोरगं बुटाची नाडी सुटली की रस्त्यात फतकल मारून रडतं. शर्टाचं लेबल मानेला टोचतं म्हणून प्रत्येक शर्टाचं लेबल उसवून द्यावं लागतं. शाळेतल्या बाई म्हणतात डोकं आहे पण वर्गात लक्ष नाही, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. सासूबाई म्हणतात आगाऊ झालाय, लाडावून ठेवलाय. दीर म्हणतात डायरेक्ट पाचवीत घाला. आयक्यू काढून आणू का? माझं नक्की कुठं चुकतंय?

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाहीये, दूध पी म्हटलंत तेही बरोबरच, दूध थंड होत होतं. फक्त दूध पिऊन झाल्यावर सांगायचं की अनंतच उरतं. आणि सासूबाईंना पूर्णमदः पूर्णमिदं पाठ असेल तर त्यांनाच म्हणून दाखवायला सांगा, त्यातही पूर्णातून पूर्ण काढलं तरी पूर्णच उरतं असं म्हटलंय, नातू आजीकडं वेगळ्या नजरेनं बघेल आणि आजी नातवाकडं.

आता नाडीचं. तुमच्या पोराचं डोकं बारा वर्षांचं आहे, बोटं सहा वर्षांची आणि राग चार वर्षांचा, आणि ही तिन्ही वयं एकाच शर्टात कोंबलेली. सगळी वाढ एका चालीनं होत नाही, बऱ्याच तल्लख मुलांत हे दिसतं आणि मोठ्यांची फसगत इथंच होते, एवढं मोठं गणित करतो म्हणजे नाडी तर आलीच पाहिजे, मुद्दाम रडतोय. मुद्दाम नाही रडत. गाठ कशी दिसायला पाहिजे ते त्याला डोक्यात स्पष्ट दिसतंय आणि बोटं ऐकत नाहीत, म्हणून तर जास्त चिडतो. तेव्हा प्रश्न बारा वर्षांचा आला की उत्तर बारा वर्षांच्या मुलाला देतो तसं द्या आणि रडू चार वर्षांचं आलं की चार वर्षांच्या पोराला घेतो तसं जवळ घ्या. "एवढा हुशार असून रडतोस?" हे वाक्य घरातून हद्दपार करा, दिरांनाही सांगा. लेबल उसवताय ते चालू ठेवा, तुमच्या हातात तर ते दोन मिनिटांचं काम. कातडीला, कानाला जास्त जाणवणारी मुलं असतात, त्यात लाडाचा संबंध नाही. (उलटंही लिहून ठेवते, लेबल टोचणारं प्रत्येक पोर अतिहुशार असतंच असं नाही, नाहीतर उद्या मला पन्नास पत्रं येतील.)

अक्षराचं मात्र नुसतं हसून सोडू नका. बऱ्याचदा विचार पुढं पळतो आणि हात मागं राहतो, एवढंच असतं. पण फळ्यावरचं उतरवताना अक्षरं गळत असतील, उलटीपालटी होत असतील तर आधी डोळे तपासा आणि मग लिहिण्याची अडचण आहे का ते तज्ज्ञाकडून बघून घ्या. हुशारी आणि लेखनातली अडचण एकाच मुलात असू शकते, आणि मग दोन्ही एकमेकींना झाकतात, पोरगं सगळ्यांना सरासरी वाटतं, आळशी वाटतं.

आयक्यू काढायचाच तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडं, मोबाइलवरच्या टेस्टवर नको. डॉ. कामतांनी १९३०च्या दशकात बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची बुद्धिमापन चाचणी खास मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, ती बिने-कामत चाचणी आजही वापरतात. पण आकडा आला की तो गल्लीभर सांगत सुटू नका. अमेरिकेत टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९२१ साली हुशार मुलं निवडून त्यांचा अभ्यास सुरू केला, चाचणीत आकडा कमी पडला म्हणून गाळलेल्या मुलांत शॉकली आणि अल्वारेझ होते आणि पुढं दोघांना फिजिक्सचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ला. तर असा तो आकडा. शाळेशी बोलायला, अडचण ओळखायला उपयोग होत असेल तर काढा, मिरवायला नको.

पाचवीत घालायची घाई नको. डोकं जाईल हो पाचवीत, पण डबा खाताना, कबड्डी खेळताना हा कुणात बसणार? आधी फक्त गणित पुढचं द्या. बाईंना भेटा, तक्रार घेऊन नको, एक विनंती घेऊन : वीस गणितांतली सगळ्यात अवघड पाच त्याला आधी द्या, ती बरोबर आली तर उरलेली पंधरा माफ आणि त्या वेळात त्याला त्याचं पुस्तक वाचू द्या. पन्नास मुलांच्या वर्गात बाईंना एवढं जमतं, लेक्चर दिलेलं जमत नाही. एवढं करूनही वर्षभर कंटाळतच राहिला तर एक वर्ग पुढं नेण्याचा विचार नीट बसून करता येतो, काही मुलांना तो मानवतोही. हुशार मुलांचा वेगळा विचार आपल्याकडं नवा नाही, पुण्यात आप्पा पेंडशांनी १९६२ला ज्ञान प्रबोधिनी ही शिक्षणसंस्था काढली ती यातूनच.

आणि एक माझं सांगते. माझी लेक सहा वर्षांची असताना तिला सगळ्या देशांच्या राजधान्या पाठ होत्या, मी तिला गणपतीत मंडळाच्या स्टेजवर उभी केली, टाळ्या पडल्या, मग प्रत्येक पाहुण्यापुढं तेच. चार महिन्यांत ती पाहुणे आले की बाथरूममध्ये जाऊन कडी लावायला लागली. दार वाजवत मी बाहेर उभी, आत नळ चालू. नकाशाचं पुस्तक तिनं नंतर दोन वर्षं हातात धरलं नाही. चूक सगळी माझी.

प्रश्न : मी वाईचा, एस.टी.तून रिटायर कंडक्टर. नात सातवीत आहे, कायम पहिली यायची. आता बाई विचारतात तेव्हा उत्तर येत असून हात वर करत नाही, पेपरात मुद्दाम दोन चुका करते, मैत्रिणी "स्कॉलर" म्हणून चिडवतात म्हणे. रागावलो तर आमच्याशीपण बोलेना. काय करावं?

उत्तर : आजोबा, रागावू नका, पोरीनं हिशेब केलाय. दोन मार्क देऊन मैत्रिणी विकत घेतल्यात, त्या वयात सौदा वाईट नाही. या वयाच्या पुष्कळ मुली असं झाकून ठेवतात. तिला पहिला नंबर नकोय, तिच्यासारखं डोकं चालणारी दोनचार पोरं हवीत, ती गाठ घालून द्या, विज्ञानाचं शिबिर असो की बुद्धिबळ. घरात "हुशार आहेस" कमी म्हणा, "हे कसं सोडवलंस, दाखव की" जास्त. म्युलर आणि ड्वेक या दोघी अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग छापले, हुशार म्हणून कौतुक केलेली मुलं नंतर सोपं काम निवडत होती, मेहनतीचं कौतुक केलेली अवघडाला हात घालत होती.

आणि तुम्ही तर वाईत राहता! मराठी विश्वकोशाचं काम तुमच्या गावात, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली उभं राहिलं, पहिला खंड १९७६चा. आता तो मोबाइलवर फुकट वाचता येतो. रोज संध्याकाळी एक नोंद, एक दिवस तिनं निवडायची, एक दिवस तुम्ही. तुम्ही डिझेल इंजिनापासून सुरू करा, तिथं तुम्ही तिच्यापुढं असाल.

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची, साताऱ्यातच असतो. अबॅकस, वैदिक गणित, कोडिंग असे तीन क्लास लावलेत. चौथा कुठला लावावा?

उत्तर : चौथा नाही. दोन बंद करा, कुठले ते तिला ठरवू द्या. तिन्ही बंद म्हणाली तर तिन्ही.