मुरलेला की मुरवलेला? चिनी 'डार्क टी'ला मराठीत काय म्हणावं

प्रश्न : एका चिनी चहाच्या वेष्टणावरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. त्यावर 'कॉम्प्रेस्ड एज्ड डार्क टी' असं आहे आणि यंत्रानं त्याचं 'संकुचित वृद्ध गडद चहा' केलं. सरळ 'काळा चहा' लिहिलं तर चालेल का? आणि 'फर्मेंटेड'ला 'आंबवलेला' म्हणावं का?

उत्तर : यंत्राचं सोडा, संकुचित मन असतं आणि वृद्ध आजोबा असतात. पण 'काळा चहा'ही नको, 'आंबवलेला' तर नकोच.

आधी रंगाचा घोळ. चिनी माणूस या चहाला 'हेइ छा' म्हणतो, आणि त्याचा शब्दशः अर्थ काळा चहाच. पण इंग्रजीतला 'ब्लॅक टी', म्हणजे आपल्या डब्यातला आसामचा चहा, चीनमध्ये 'होंग छा', तांबडा चहा. तिकडे कपातल्या पाण्याचा रंग पाहिला, इकडे इंग्रजांनी वाळलेल्या पत्तीचा. 'ब्लॅक' असा आधीच खर्ची पडल्यामुळे हेइ छासाठी इंग्रजीला 'डार्क' शोधावा लागला. मराठीत गुंता आणखी वेगळा: आपला 'काळा चहा' म्हणजे कोरा, बिनदुधाचा. तो पत्तीबद्दल काही सांगतच नाही. 'गडद चहा' वाचून तर पत्ती जास्त पडली असंच वाटतं. तेव्हा नावातून रंग काढून टाका आणि क्रियेवरून नाव ठेवा.

ती क्रिया कोणती, इथे 'फर्मेंटेशन' हा शब्द दगा देतो. चहाच्या कारखान्यांत साध्या 'ब्लॅक टी'च्या बाबतीतही तो सर्रास वापरतात. पण तिथे घडतं ते चिरलेलं वांगं काळं पडावं तसं: पान चुरगळलं, हवा लागली, पानातल्याच विकरांनी रंग बदलला. त्याला 'काळवंडणं' पुरेसं आहे. हेइ छाचं तसं नाही. त्यात बुरशी, यीस्ट आणि जिवाणू खरोखर काम करतात. मग 'आंबवलेला' का नको? कारण त्या शब्दात आंबटपणा मुरलेला आहे. इडलीचं पीठ आंबतं, ताक आंबतं. या चहात आंबट चव लागली तर तो दोष समजतात.

लोणच्याचा शब्द इथे नेमका बसतो: मुरणं. शिवाय मराठी व्याकरण इथे फुकटात एक सोय करून देतं. चीनच्या युन्नान प्रांतातला पु-एर याच हेइ छाच्या घराण्यातला, आणि त्याचे दोन प्रकार आहेत. 'शंग' म्हणजे कच्चा. पानं कढईत परतून, मळून, उन्हात वाळवून, वाफवून दाबतात आणि वर्षानुवर्षं ठेवून देतात. तो आपणहून मुरतो. (ताजा शंग हेइ छात धरायचा का, यावर जाणकार भांडतात, तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ.) दुसरा 'शू'. हा माणसं मुरवतात. वर्षानुवर्षं थांबायला नको म्हणून १९७३ साली खुनमिंगच्या कारखान्यात ही रीत बसवली. वाळलेल्या पानांचा मोठा ढीग लावायचा, पाणी शिंपडायचं, ओल्या कापडानं झाकायचं. आत ऊब धरते, ५० ते ६० अंश सेल्सियसपर्यंत. काही दिवसांनी ढीग उलथायचा, गोळे फोडायचे, पुन्हा झाकायचा. असं साधारण ४५ ते ६० दिवस. उलथायला उशीर झाला आणि आतली उष्णता ६५ च्या वर गेली की ढिगाचं पोट जळतं. ती पत्ती कोळशासारखी होते आणि कपात कितीही वेळ ठेवली तरी उमलत नाही. पाणी जास्त झालं तर आंबट, कुजका वास येतो.

म्हणजे जुना शंग तो मुरलेला आणि शू तो मुरवलेला. एका 'व'चा फरक, पण इंग्रजीला इथे दोन शब्द उसने घेऊन समजावत बसावं लागतं. 'शू'साठी 'कुक्ड' वाचून कुणी 'शिजवलेला' लिहितं, तेही टाळा. त्या चिनी अक्षराचे शिजलेला आणि पिकलेला असे दोन्ही अर्थ आहेत, अगदी आपल्या 'पक्व'सारखे: पक्वान्नही पक्व, फळही पक्व. बोलताना कच्चा-पक्का म्हणायला हरकत नाही. छापताना मात्र 'पक्का चहा' कडक चहासारखा वाचला जाईल.

आता आकार. 'केक' शब्द पाहून क्रीम आठवतं, पण मूळ चिनी शब्द 'पिंग' म्हणजे पोळी-भाकरीसारखी चपटी गोल वस्तू. ठरीव पिंग ३५७ ग्रॅमची असते. सात पिंग बांबूच्या पातीत बांधल्या की अडीच किलोला एक ग्रॅम कमी भरतात. सुमारे वीस सेंटिमीटर व्यास, आणि पालथी केली तर मध्ये खळगा. वाफवलेली पत्ती कापडी पिशवीत भरून पीळ घालतात, त्या गाठीची ती खूण. याला मी 'चकती' म्हणेन. 'ढेप' मोहात पाडतो, कारण गुळाची ढेप सगळ्यांना माहीत आहे. पण विदर्भात सरकीची ढेप गुरांपुढे ठेवतात, तेव्हा नको. 'च्वान'ला वीट. 'थुओ'ला इंग्रजीत घरटं म्हणतात. पोकळ बाजूनं पाहिलं तर ती सरळ वाटी आहे.

वापराच्या सूचनाही भाषांतरात असतील, तिथले शब्द जपून घ्या. चकती 'फोडा' किंवा 'कुटा' असं लिहू नका. खलबत्त्यात कुटली की चुरा होतो आणि चुऱ्याचा चहा कडू उतरतो. बोथट सुरी किंवा दाभण कडेनं आडवं घालून पापुद्रे 'सोडवा'. ५ ते ७ ग्रॅम पत्तीला १०० ते १२० मिलिलिटर उकळतं पाणी. पहिलं पाणी पाच-दहा सेकंदांत ओतून टाकायचं, पुढची पाणी दहा-पंधरा सेकंदांपासून हळूहळू वाढवत न्यायची. म्हणजे इथे चहा 'उकळत' नाहीत, त्याला पाणी 'देतात'. चीनच्याच हुनान प्रांतातला 'फू' नावाचा विटेच्या आकाराचा हेइ छा, म्हणजे फू वीट, मात्र उकळूनही घेतात.

त्याच फू विटेत पिवळे ठिपके दिसतात. चिनीत त्यांना 'चिन ह्वा', सोन्याची फुलं म्हणतात. वीट २८ अंशांच्या आसपास उबदार खोलीत वाळवताना मुद्दाम वाढू दिलेली ती एक बुरशीच आहे. 'बुरशीयुक्त' छापलंत तर गिऱ्हाईक पाकीट परत ठेवेल. 'सोनफुलं' लिहा आणि पुढे एक ओळ जोडा: दाणे पिवळे, कोरडे आणि विटेच्या आत असतात. वरून पांढरा, हिरवा किंवा काळा कापूस धरला आणि कुबट वास आला तर ती साधी बुरशी, टाकून द्या. साठवणुकीच्या सूचनेत 'हवाबंद डब्यात ठेवा' हे सवयीनं येतं, इथे ते चूक. मुरायला थोडी हवा आणि ६०-७० टक्के दमटपणा लागतो. पण कोकण-मुंबईच्या पावसात हवा याहून कितीतरी ओली असते, तेवढे महिने चकती कागदासकट बंद डब्यात आणि मसाल्यांपासून लांब बरी.

उच्चार. चिनी रोमन लिपीतला 'बी' म्हणजे आपला 'प' आणि 'पी' म्हणजे 'फळ'मधला 'फ'. देवनागरीला हा भेद जन्मजात येतो, म्हणून काटेकोर लिहायचं तर 'फु-अर्'. पण हल्ली 'फ' दातांत धरून उच्चारतात, त्यामुळे तो फायदा बुडतो. 'पुअर चहा' लिहिलं तर गरीब वाटतो. 'पु-एर' लिहून मोकळं व्हा.

वेष्टणावर मग असं छापा. कोरीव, ओतीव, घडीव यांच्या चालीवर 'दाबीव' सहज पचतो:

मुरलेला दाबीव चिनी चहा
चकती, ३५७ ग्रॅम

आत शू असेल, तर 'मुरलेला'च्या जागी 'मुरवलेला'.