वरच्या ठोकळ्याला पुढे कोण नेतं?

अकरावीची पहिली चाचणी झाली की पालक माझ्याकडे सल्ल्यासाठी येऊ लागतात. दहावीला नव्वदच्या पुढे गेलेलं मूल फिजिक्समध्ये आपटलेलं असतं आणि प्रश्न ठरलेला: सायन्स सोडायचं का? लातूरला क्लाससाठी खोली घेऊन राहिलेल्या एका मुलीला तिचे वडील असेच घेऊन आले. मुलगी म्हणाली, "मॅडम, माझं डोकंच चालत नाही त्यात."

मी उत्तरपत्रिका मागितली. मार्कांपेक्षा खोडलेल्या ओळी जास्त सांगतात. न्यूटनचे नियम तिला चांगले येत होते. गाडी अडली होती एकावर एक ठेवलेल्या ठोकळ्यांपाशी. खाली ४ किलोचा, वर २ किलोचा, जमीन गुळगुळीत, दोघांमधला घर्षण गुणांक (पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात त्याचं माप) ०.३. खालच्याला १२ न्यूटनने ओढलं, तर वरच्यावर घर्षण किती? तिने ०.३ × २ × १० (१० हे गुरुत्व त्वरण) करून ६ न्यूटन लिहिले होते आणि बाण मागे काढला होता.

"मागे का गं?"

"घर्षण गतीच्या विरुद्ध असतं ना!"

टेबलावर दोन जाड वह्या एकावर एक ठेवून खालची हळू ओढायला सांगितली. वरची सोबत आली.

"हिला तर तू हातही लावला नाहीस. मग पुढे कुणी आणलं?"

ती वह्यांकडे बघत राहिली. "घर्षणानेच?" मग आपणहूनच तिने खालची वही जोरात हिसकली. वरची मागे राहिली.

घर्षण अडवतं ते दोन पृष्ठभागांचं एकमेकांवरून घसरणं. म्हणून ते वरच्या ठोकळ्याला पुढे ढकलतं, खालच्याला तेवढंच मागे. आणि न घसरता जेवढं लागेल तेवढंच. दोघे मिळून ६ किलो, ओढ १२ न्यूटन, म्हणजे त्वरण (वेग वाढण्याचा दर) १२ ÷ ६ = २ मी/से²; वरच्या २ किलोला त्यासाठी ४ न्यूटन पुरतात. तिने काढलेले ६ ही घर्षणाची कमाल मर्यादा; तेवढ्याने वरच्याला त्वरण ३ मिळतं, आणि ६ किलोला ३ म्हणजे १८. खालच्याला १८ न्यूटनपेक्षा जास्त जोराने ओढलं तरच वरचा घसरेल, हे तिने स्वतःच मांडून काढलं.

खालच्या वर्गात शिकलेला नियम जमिनीवर सरकणाऱ्या एका ठोकळ्याला चालतो. तोच तिने इथे लावला होता. यात डोकं नसण्याचा प्रश्नच कुठे येतो? प्रत्येक ठोकळ्याची वेगळी आकृती काढ, आधी दोघे सोबत जातात असं धर, लागणारं घर्षण काढ आणि मगच मर्यादेशी ताडून बघ, एवढंच तिला सांगितलं.

"मग कॉमर्सचं?" वडिलांनी विचारलं.

"पुढची चाचणी होऊ द्या, भाऊ. तोवर फोनवर 'किती पडले' विचारू नका. कुठलं गणित अडलं ते विचारा."