अश्दोदला नव्याने आलेल्या तुला

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

ठाण्याहून इस्राएलमधल्या अश्दोदला येऊन वर्ष होत आले तरी वर्गातली मुले तुला अजून ‘होदी’, म्हणजे भारतीय, अशीच हाक मारतात आणि त्याला कंटाळून तू कोकणातले गाव सांगणारे आपले ‘कर’कारान्त आडनाव टाकून हिब्रू आडनाव लावायचे म्हणतोस, हे तुझ्या पत्रातून समजले. आडनाव बदलण्यात गैर काही नाही. इस्राएलचे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन हेसुद्धा मूळचे ग्रून. मात्र चिडवणाऱ्यांचे तोंड बंद व्हावे एवढ्याचसाठी ते बदलणार असशील, तर तो उपाय टिकणार नाही, असे मला वाटते.

आपल्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, समाजाला इथे येऊनही आपण ज्यू आहोत हे सिद्ध करत बसावे लागले होते. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, पीठाने बेने इस्राएलींचे विवाह नोंदवण्यापूर्वी त्यांची वंशावळ तपासावी, असे निर्देश काढले. त्याविरुद्ध आपली माणसे रस्त्यावर उतरली, १९६४ मध्ये हा प्रश्न संसदेत गेला आणि त्यानंतरच त्या निर्देशांतून आपल्या समाजाचे नाव वगळले गेले. कोकणातल्या शेजाऱ्यांना मात्र असली शंका कधी पडली नाही. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, पाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांनी आपल्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हटले आणि विषय तिथेच मिटवला. ज्यांनी त्या काळात आडनावांसकट मान ताठ ठेवली, त्यांच्या नातवंडाने वर्गातल्या चार पोरांना इतके मनावर घ्यावे, हे मला पटत नाही.

तुझ्या वर्गातही सगळे कुठून ना कुठून आलेल्यांचेच वंशज आहेत. मोरोक्कन घरांत पेसाहचा सण संपला की मिमुनाची मेजवानी असते. इथियोपियातून आलेल्यांच्या सिग्दला २००८ च्या कायद्याने राष्ट्रीय सणाचा दर्जा मिळाला. आणि लग्नाआधीची मेंदी आपल्याइतकीच येमेनी घरांतही रंगते. बोलावले की जात जा. इथियोपियन मुलांविषयी आपल्याच काही वडीलधाऱ्यांच्या तोंडी जे शब्द येतात, ते मात्र उचलू नकोस. ‘होदी’ तुला जितके बोचते, तितकेच ते त्यांना बोचतात.

पुढच्या वेळी घरी मलिदा, म्हणजे आपला आभाराचा विधी, असेल तेव्हा दोघा-तिघा मित्रांना बोलाव. ताटात भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि वर मांडलेली फळे बघून ते विचारतीलच; तेव्हा हा नैवेद्य एलियाहू हानाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने असतो, एवढे हिब्रूत नीट सांगता आले पाहिजे. खरी अडचण मला तिथेच दिसते. तुझे हिब्रू कच्चे आहे आणि त्याचा दोष तू आडनावावर ढकलतो आहेस, तेव्हा उल्पानचे, म्हणजे हिब्रू शिकवणारे, वर्ग बुडवणे आधी बंद कर.

आडनावाचा अर्ज लष्करी सेवा पुरी होईपर्यंत राहू दे. त्यानंतरही बदलावेसे वाटले तर खुशाल बदल. मी स्वतः तुझ्याबरोबर कार्यालयात येईन.

तुझा,
काका